पावसाची संचित बेरीज : वहीपासून संगणकाच्या प्रवाहापर्यंत

मृग नक्षत्र लागले की पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर एकच प्रश्न विचारला जातो : पेरणीजोगा पाऊस झाला की नाही? नदीच्या उत्तरेस महाराष्ट्र, तर दक्षिणेस तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. राज्ये निराळी असली तरी कपाशीची काळी जमीन एकच आहे आणि बेला, जैनथ यांसारख्या सीमेलगतच्या मंडलांतील अनेक घरांत बोलली जाणारी मराठीही एकच आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत असत. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या, परंतु पावसाकडे डोळे लावून बसणारा कोरडवाहू शेतकरी बदललेला नाही.

वर उल्लेखिलेल्या प्रश्नाचे उत्तर आकाशाकडे पाहून देता येत नाही. ते एका बेरजेवर अवलंबून असते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज खरिपाची पेरणी करू नये, असा सल्ला महाराष्ट्रात कृषी विभागाकडून वारंवार दिला जातो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने ७५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर साडेसात लाख लिटर पाणी होय. इतकी ओल जमिनीत मुरण्यापूर्वी कपाशीची टोबणी केली आणि त्यानंतर पावसाने ओढ दिली, तर उगवलेले रोप करपते. मग बियाण्याचा खर्च पुन्हा, मजुरी पुन्हा आणि हंगामाचे गेलेले दिवस मात्र परत मिळत नाहीत. दुबार पेरणीचे हे संकट टाळण्यासाठी ज्या अनेक गोष्टी कराव्या लागतात, त्यांपैकी सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे पावसाच्या आकड्यांची रोजच्या रोज केलेली संचित बेरीज. ही बेरीज कशी करावी, ती संगणकास कशी सांगावी आणि ती करताना कोणत्या चुका संभवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एकूण बेरीज आणि संचित बेरीज

एखाद्या यादीतील सर्व आकडे मिळवून जो एकच आकडा येतो, त्यास एकूण बेरीज म्हणतात. संचित बेरीज ही त्याहून निराळी गोष्ट आहे. यादीतील प्रत्येक आकड्यापाशी थांबून ‘येथपर्यंत किती झाले?’ हे लिहीत गेल्यास मूळ यादीइतकीच लांब अशी दुसरी यादी तयार होते. ही दुसरी यादी म्हणजे संचित बेरीज होय. इयत्ता नववी-दहावीच्या गणितात संचित वारंवारतेचा जो स्तंभ विद्यार्थी तयार करतात, तो याच प्रकारचा आहे. बँकेच्या पासबुकातील शिल्लक रकमेचा रकानाही याच जातीचा. फरक इतकाच की तेथे रक्कम वजाही होते.

उदाहरणादाखल तीन गावांतील दहा दिवसांच्या पावसाचे काल्पनिक आकडे मिलिमीटरमध्ये घेऊ.

पहिले गाव : ०, १२, ०, ३, २५, ०, ०, १८, ६, २२
संचित बेरीज : ०, १२, १२, १५, ४०, ४०, ४०, ५८, ६४, ८६

दुसरे गाव : ०, ०, ०, ०, ०, ०, ०, ०, ०, ८६
संचित बेरीज : ०, ०, ०, ०, ०, ०, ०, ०, ०, ८६

तिसरे गाव : ५०, ३६, ०, ०, ०, ०, ०, ०, ०, ०
संचित बेरीज : ५०, ८६, ८६, ८६, ८६, ८६, ८६, ८६, ८६, ८६

तिन्ही गावांची एकूण बेरीज ८६ मिलिमीटर आहे. केवळ एकूण बेरीज पाहणारा मनुष्य तिन्ही गावांस एकच सल्ला देईल, आणि तो चुकेल. पहिल्या गावात पाऊस टप्प्याटप्प्याने झाला असून दहाव्या दिवशी ७५ ची मर्यादा ओलांडली गेली. दुसऱ्या गावात एकाच दिवशी धो धो पाऊस कोसळला. त्यातील बरेचसे पाणी ओढ्यानाल्यांवाटे वाहून गेले असण्याचा संभव आहे. तिसऱ्या गावात मर्यादा दुसऱ्याच दिवशी ओलांडली गेली खरी, परंतु त्यानंतर सलग आठ दिवस जमीन तापत राहिली. दिवसागणिक काय घडले हे एकूण बेरीज सांगत नाही. संचित बेरीज ते सांगते. जेथे बेरीज चढते तेथे पाऊस, जेथे ती एकाच आकड्यावर थांबते तेथे उघडीप. म्हणूनच शेवटच्या आकड्याबरोबर वाटेतील सर्व आकडे जपून ठेवणे आवश्यक ठरते.

नियम एका ओळीचा

संचित बेरजेचा नियम अगदी लहान आहे : कालची बेरीज अधिक आजचा आकडा म्हणजे आजची बेरीज. आरंभी बेरीज शून्य धरावयाची. रोजकीर्द लिहिणारा दिवाणजी आरंभीची शिल्लक पानाच्या माथ्यावर लिहून घेतो आणि पान संपले की अखेरची शिल्लक पुढील पानावर ओढतो, तेव्हा तो हाच नियम पाळीत असतो. मागील पाने त्याला पुन्हा उलगडावी लागत नाहीत. मागील सर्व व्यवहारांचे सार त्या एका शिलकेत सामावलेले असते.

या नियमाने श्रम किती वाचतात हेही पाहण्यासारखे आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे १२२ दिवस होतात. प्रत्येक दिवशी पहिल्या दिवसापासून पुन्हा बेरीज करावयाची म्हटल्यास दुसऱ्या दिवशी १, तिसऱ्या दिवशी २, याप्रमाणे अखेरच्या दिवशी १२१ बेरजा कराव्या लागतील. त्या सर्व मिळून ७,३८१ होतात. कालच्या बेरजेत आजचा आकडा मिळविण्याच्या रीतीने हेच काम १२१ बेरजांत आटोपते.

१ पासून १२१ पर्यंतच्या संख्यांची ही जी बेरीज आली, तिला आपल्या प्राचीन गणितात ‘संकलित’ असे नाव आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या इ. स. ११५० च्या ग्रंथात संकलिताचा नियम दिला असून, संकलितांची पुन्हा बेरीज केल्यास जे येते त्यास ‘संकलितैक्य’ म्हटले आहे. १, २, ३, ४ या यादीची संचित बेरीज १, ३, ६, १० होते. तिचीच पुन्हा संचित बेरीज केली असता १, ४, १०, २० असे आकडे येतात. यावरून बेरजांचीही बेरीज करण्याची कल्पना या देशास नवी नाही, हे दिसून येईल.

संगणकास सांगण्याच्या दोन रीती

हेच काम संगणकाकडून करवून घ्यावयाचे असल्यास ते दोन रीतींनी सांगता येते.

पहिली रीत आदेशांची. संगणकाच्या स्मृतीत ‘बेरीज’ नावाची एक पेटी ठेवावी व तीत शून्य घालावे. यादीतील पहिला आकडा घ्यावा, पेटीतील आकड्यात मिळवावा, जुना आकडा पुसून नवा लिहावा, त्याची प्रत बाहेर मांडावी आणि पुढील आकड्याकडे वळावे. यादी संपेपर्यंत हेच करीत राहावे. ही रीत समजण्यास सोपी आहे आणि लहान कामासाठी तिच्यात काही वावगे नाही. मात्र तिचा सर्व भार त्या एका पेटीवर असतो. पेटीतील आकडा सतत बदलत असल्याने, कोणत्या क्षणी तीत काय होते हे मागाहून सांगता येत नाही. आज्ञावलीच्या दुसऱ्या भागाने त्याच पेटीत चुकून हात घातला, तर पुढील सर्व आकडे बिघडतात आणि चूक कोठे झाली हे शोधणे कठीण होते.

दुसऱ्या रीतीस फलनप्रधान रीत म्हणता येईल. गणितात फलन म्हणजे दिलेल्या किमतीवरून ठरावीक उत्तर देणारा नियम. तेच दिले तर तेच उत्तर येते. बाहेरची कोणतीही वस्तू तो नियम बदलीत नाही. या रीतीत संगणकास ‘हे कर, मग ते कर’ असे सांगण्याऐवजी जुन्या यादीवरून नवी यादी कोणत्या नियमाने तयार होते, एवढेच सांगावयाचे असते. जुनी यादी जशीच्या तशी राहते आणि तिच्याशेजारी नवी यादी उभी राहते. पर्जन्यनोंदीच्या वहीत रोजच्या पावसाचा रकाना खोडून त्याजागी बेरीज लिहिली जात नाही, शेजारच्या रकान्यात लिहिली जाते. तसेच हे आहे.

प्रवाहाची कल्पना

फलनप्रधान रीतीत यादीकडे पुष्कळदा प्रवाह म्हणून पाहिले जाते. कालव्याच्या पाण्यास वाटेत चाळणी, पाणचक्की व हौद लागावा, तसे आकडे एकामागून एक वाहत येतात आणि वाटेतील प्रत्येक टप्प्यावर त्यांवर एकेक संस्कार होतो. कार्यालयीन आज्ञावल्यांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘जावा’ या संगणकीय भाषेत मार्च २०१४ मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून प्रवाहांची ही सोय उपलब्ध झाली.

प्रवाहावरील नेहमीचे संस्कार तीन. पहिला गाळण्याचा : अटीत बसणारे आकडे तेवढे पुढे सोडावयाचे. भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाल्यास तो पावसाचा दिवस समजतात. ही चाळणी लावली असता वरील पहिल्या गावात ६, दुसऱ्यात १ व तिसऱ्यात २ पावसाचे दिवस भरतात. दुसरा संस्कार रूपांतराचा : प्रत्येक आकड्यास एकच नियम लावावयाचा, उदाहरणार्थ मिलिमीटरचे हेक्टरी लिटर करणे. तिसरा एकवटण्याचा : सर्व आकडे मिळून एकच उत्तर काढणे, जसे एकूण पाऊस ८६ मिलिमीटर.

येथे एक अडचण उभी राहते. गाळणे व रूपांतर करणे या संस्कारांत प्रत्येक आकडा स्वतंत्र असतो. त्यास शेजाऱ्याची माहिती लागत नाही. संचित बेरजेत मात्र प्रत्येक आकड्यास आपल्या मागील बेरजेची गरज असते. केवळ रूपांतराने हे साधत नाही, कारण त्या टप्प्यावर मागचे काही ठाऊक नसते. एकवटण्याच्या संस्कारास मागचे ठाऊक असते, परंतु तो वाटेतील आकडे टाकून देतो आणि शेवटचाच आकडा हाती ठेवतो. पेरणीच्या प्रश्नास तर वाटेतलेच आकडे हवे असतात.

पळवाट आणि तिचा धोका

या अडचणीतून सुटण्यासाठी नवशिके आज्ञावलीकार बहुधा एक पळवाट काढतात. प्रवाहाच्या बाहेर एक पेटी ठेवावयाची आणि रूपांतराच्या टप्प्यावर गुपचूप तीत बेरीज करीत जावयाचे. जावा भाषेत अशा टप्प्यावरील नियमास बाहेरचा साधा स्थानिक चल बदलू दिला जात नाही. हे बंधन चुकविण्यासाठी एकाच घराची यादी करून त्या घरातील आकडा बदलण्याची युक्ती योजतात. एकाच संगणक-प्रक्रियकाने आकडे क्रमाने हाताळले तर उत्तर बरोबर येते, आणि म्हणूनच ही युक्ती फसवी आहे.

आधुनिक संगणकात एकाहून अधिक प्रक्रियक असतात व प्रवाहाचे काम त्यांच्यात वाटून देता येते. तसे होताच ती एक पेटी अनेकांच्या हाती पडते. एकाच रोजकीर्दीत दोन कारकुनांनी एकाच वेळी शिल्लक मांडावयास घेतली, दोघांनीही ४० हा आकडा वाचला, एकाने १८ मिळवून ५८ लिहिले आणि दुसऱ्याने ६ मिळवून त्यावरच ४६ लिहिले, तर १८ मिलिमीटर पाऊस वहीतून नाहीसा होतो. तो आकाशातून पडलेला असतो, जमिनीत मुरलेला असतो. फक्त कागदावर नसतो. अशी चूक दर वेळी घडत नाही, कधी तरी घडते, आणि त्यामुळे ती सापडणे अधिकच अवघड होते.

योग्य उपाय : वाटेतील बेरजा राखणारा संस्कार

यास्तव अनेक संगणकीय भाषांत संचित बेरजेसाठी चौथा, स्वतंत्र संस्कार दिलेला आहे. त्याचे प्रचलित नाव ‘स्कॅन’ असे आहे. त्यास दोनच गोष्टी द्यावयाच्या : आरंभीची किंमत आणि मागील बेरीज व नवा आकडा यांवरून पुढील बेरीज सांगणारा नियम. कालची बेरीज आजच्या हाती सोपविण्याचे काम तो संस्कार स्वतःच करतो. बाहेर कोणतीही पेटी ठेवावी लागत नाही.

केनेथ आयव्हर्सन यांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील अंकनपद्धतीवरून पुढे ‘एपीएल’ ही भाषा विकसित झाली. तीत संचित बेरीज केवळ दोन चिन्हांत मांडता येते. ‘हॅस्केल’ या शुद्ध फलनप्रधान भाषेत हा संस्कार मूळचाच आहे. विद्यार्थ्यांत लोकप्रिय असलेल्या ‘पायथन’ भाषेत २०११ सालच्या आवृत्तीपासून ‘अ‍ॅक्युम्युलेट’ या नावाने तो मिळतो. जावा भाषेच्या प्रवाहांत मात्र तो आरंभी नव्हता. मार्च २०२५ मध्ये आलेल्या चोविसाव्या आवृत्तीत ‘गॅदरर’ नावाच्या सोयीबरोबर तो कायमचा दाखल झाला. भाषा कोणतीही असो, मागणी एकाच वाक्याची असते : ‘शून्यापासून आरंभ करून, मागील बेरजेत नवा आकडा मिळवीत जा आणि प्रत्येक बेरीज पुढे सोड.’

प्रवाहाचा आणखी एक गुण शेतीच्या कामास विशेष उपयोगी आहे. यादी संपण्याची वाट त्यास पाहावी लागत नाही. १ जूनच्या सकाळी त्या हंगामात किती पाऊस पडणार हे कोणासही ठाऊक नसते. रोज सकाळी एक आकडा येतो. संचित बेरीज काढून ‘७५ किंवा अधिक असलेली पहिली बेरीज दे’ एवढे सांगितले, तर संगणक तेथपर्यंतचेच आकडे वाचतो आणि थांबतो. पहिल्या गावासाठी तो दहावा दिवस सांगेल, तिसऱ्या गावासाठी दुसरा दिवस.

काम वाटून घेण्याची रीत

प्रत्येक बेरीज मागील बेरजेवर अवलंबून असते, तर मग अनेकांनी मिळून हे काम करणे शक्यच नाही, असे कोणास वाटेल. परंतु तसे नाही. तीन कारकुनांनी पहिल्या गावाची यादी वाटून घेतली, असे समजू. पहिल्याकडे ०, १२, ०, ३. दुसऱ्याकडे २५, ०, ०. तिसऱ्याकडे १८, ६, २२. प्रत्येकाने आपल्या भागाची संचित बेरीज शून्यापासून केली. ती अनुक्रमे ०, १२, १२, १५. २५, २५, २५. आणि १८, २४, ४६ अशी आली. आता पहिल्याची अखेर १५ असल्याने दुसऱ्याने आपल्या प्रत्येक आकड्यात १५ मिळवावे. त्याचे ४०, ४०, ४० होतात. पहिल्या दोघांची मिळून अखेर ४० असल्याने तिसऱ्याने ४० मिळवावे. त्याचे ५८, ६४, ८६ होतात. उत्तर एकट्याने केलेल्या बेरजेशी तंतोतंत जुळते.

असे करता येण्याचे कारण शाळेत शिकविला जाणारा साहचर्य गुणधर्म. तीन संख्या मिळवताना आधी पहिल्या दोन मिळवा अथवा आधी शेवटच्या दोन मिळवा, उत्तर तेच येते. विद्यार्थ्यास हा गुणधर्म पाठ करण्यापुरता वाटतो. पण मोठमोठ्या संगणकांतील कामाची वाटणी त्यावरच आधारलेली आहे. डॅनियल हिलिस व गाय स्टील यांनी १९८६ साली, तसेच गाय ब्लेलॉक यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या लेखनात संचित बेरीज अनेक प्रक्रियकांनी मिळून जलद कशी काढावी आणि तिचे उपयोग किती विविध आहेत, हे दाखविले आहे. जावा भाषेच्या आठव्या आवृत्तीतही यादीची संचित बेरीज अशा रीतीने वाटून करण्याची तयार आज्ञा आहे.

घ्यावयाची दक्षता

संचित बेरजेत एका दिवसाची चूक त्या दिवसापुरती राहत नाही. पहिल्या गावात पाचव्या दिवशी २५ ऐवजी दशांशचिन्ह चुकून २.५ लिहिले गेले, तर त्या दिवसापासूनच्या सर्व बेरजा २२.५ ने कमी पडतील. दहाव्या दिवशी ८६ च्या जागी ६३.५ दिसेल आणि मर्यादा ओलांडली गेली असूनही शेतकरी थांबून राहील. उलट प्रकारची चूक झाली, तर तो घाईने बी टाकून बसेल. यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, मूळ आकड्यांचा रकाना कधीही खोडू नये. तो शाबूत असेल तर चूक दुरुस्त करून बेरजा पुन्हा काढता येतात. उलट तपासणीही करावी : प्रत्येक बेरजेतून तिच्या मागील बेरीज वजा केली की त्या दिवसाचा पाऊस परत मिळाला पाहिजे. पाऊस उणे असू शकत नाही. म्हणून ही बेरीज मागील दिवसापेक्षा कमी दिसली, तर चूक झाली असे निश्चित समजावे.

दुसरी गोष्ट, नोंद नसणे आणि पाऊस नसणे या दोन भिन्न बाबी आहेत. पर्जन्यमापकाचे वाचन राहून गेले असल्यास तेथे शून्य लिहू नये, ‘नोंद नाही’ असे लिहावे. शून्य लिहिल्यास उघडीप नसताना उघडीप दिसते आणि बेरीज खऱ्याहून कमी भरते.

तिसरी गोष्ट, आरंभाची तारीख व वाचनाची वेळ स्पष्ट नोंदवावी. हवामान विभागाच्या पद्धतीत सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेस मांडतात. नैर्ऋत्य मोसमी पावसाची बेरीज १ जूनपासून धरतात. एकाने १ जूनपासून व दुसऱ्याने मृगापासून मोजलेल्या बेरजांची तुलना करण्यात अर्थ नाही.

चौथी गोष्ट संगणकापुरती आहे. संगणक दशांश अपूर्णांक सामान्यतः द्विमान पद्धतीत साठवितो आणि ०.१ ही संख्या त्या पद्धतीत नेमकेपणाने मांडता येत नाही. त्यामुळे अशा आकड्यांची दीर्घ बेरीज करताना कणभर फरक साचतो व ७५ ऐवजी ७४.९९९९ सारखा आकडा येऊन मर्यादेची अट हुकू शकते. त्यावर सोपा उपाय म्हणजे पाऊस मिलिमीटरच्या दशांशांत पूर्णांकाने लिहावा : १२.४ ऐवजी १२४, आणि मर्यादा ७५ ऐवजी ७५०. पूर्णांकांच्या बेरजेत असा फरक पडत नाही.

बेरजेची मर्यादा

संचित बेरीज चढत जाते, उतरत नाही. जमिनीतील ओल मात्र उतरते. तिसऱ्या गावाची बेरीज आठ दिवस ८६ वरच उभी आहे, परंतु ऊन व वारा यांनी तेवढ्या दिवसांत वरचा थर कोरडा केलेला असेल. म्हणून संचित बेरजेबरोबर गेल्या सात दिवसांची बेरीजही पाहावी. संगणकाच्या प्रवाहात हे ‘सरकत्या खिडकी’ने साधते : सात आकड्यांची चौकट एकेक दिवस पुढे सरकवीत तिच्यातील आकडे मिळवावयाचे. पहिल्या गावात अखेरच्या सात दिवसांची बेरीज ७४ येते, तिसऱ्या गावात ती शून्य येते. आता दोन गावांतील भेद स्पष्ट होतो. मर्यादा ओलांडली जाणे आणि ओल अद्याप टिकून असणे, अशा दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच पेरणीचा विचार योग्य ठरेल. हलकी जमीन व भारी जमीन यांची मर्यादाही सारखी नसते. यासाठी जवळच्या कृषी संशोधन केंद्राचा सल्ला प्रमाण मानावा.

हंगाम पुढे सरकला की हीच बेरीज प्रशासनाच्याही उपयोगी पडते. त्या तारखेपर्यंतच्या सरासरी पावसाशी तिची तुलना करतात. हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार फरक १९ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक असल्यास पाऊस सामान्य समजला जातो. २० ते ५९ टक्के कमी असल्यास तो तुटीचा, आणि ६० टक्के वा त्याहून अधिक कमी असल्यास मोठ्या तुटीचा ठरतो. टंचाईची चाहूल अशा रकान्यांतूनच प्रथम लागते.

शाळेत आणि ग्रामपंचायतीत

हे सर्व करण्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही. शाळेच्या भिंतीवरील फळ्यावर तीन रकाने आखावेत : तारीख, आजचा पाऊस आणि १ जूनपासूनची बेरीज. एका विद्यार्थ्याने आकडा लिहावा, दुसऱ्याने बेरीज करावी, तिसऱ्याने वजाबाकीने तपासावी. ज्या शाळेत संगणक आहे तेथे कोष्टकाच्या आज्ञावलीत ‘वरच्या घरातील बेरीज अधिक डावीकडील आकडा’ हे सूत्र एकदा लिहून खाली ओढले की पुरे. जेथे आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण दिले जाते, तेथे हेच उदाहरण आदेशांच्या रीतीने व प्रवाहाच्या रीतीने करवून घ्यावे, म्हणजे दोहोंतील भेद विद्यार्थ्यांना आपल्याच गावाच्या पावसावरून उमगेल.

ग्रामपंचायतीने हा फळा चावडीजवळ ठेवल्यास त्याचा लाभ सर्वांस होईल. तेलंगणात मंडलोमंडली स्वयंचलित पर्जन्यमापक बसविलेले असून महाराष्ट्रातही महसूल मंडलांत अशी केंद्रे आहेत. त्यांचे आकडे मिळविता येतात. मात्र मंडलाचा आकडा म्हणजे प्रत्येक शिवाराचा आकडा नव्हे. एका शिवारात सर यावी आणि शेजारचे कोरडे राहावे, हा अनुभव पैनगंगेच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास नवा नाही. म्हणून शक्य तेथे गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक असावा आणि त्याचे वाचन एकाच वेळी, एकाच हाताने, न चुकता व्हावे.

संगणकाची भाषा जावा असो वा पायथन, फळ्यावरची लिपी देवनागरी असो वा तेलुगू, नियम एकच राहतो : मूळ आकडा खोडू नये, कालची बेरीज आजच्या हाती नीट सोपवावी आणि वाटेतील प्रत्येक बेरीज सर्वांस दिसेल अशी ठेवावी. बी मातीत टाकण्यापूर्वी शेतकऱ्याने फळ्यावरच्या त्या तिसऱ्या रकान्याकडे एकवार पाहिले, तर एका पेरणीचे बियाणे वाचू शकेल.